लेन्सचे खोके देण्याआधी डोळा पाहा

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई.

विषय : कॉन्टॅक्ट लेन्सची विक्री डोळ्यांची तपासणी, लेन्सचे माप आणि सराव यांसह व्हावी, याबाबत.

महोदय,

मे-जून महिन्यांत राज्यातल्या कुठल्याही शहरात चष्म्याच्या दुकानात थोडा वेळ बसले, तर दोन गिऱ्हाइके हमखास दिसतात. पहिले म्हणजे बारावी उरकून कॉलेजची वाट पाहणारा मुलगा किंवा मुलगी. चौथी-पाचवीपासून नाकावर बसलेला चष्मा आता नकोसा झालेला असतो. दुसरे गिऱ्हाईक लग्नघरातले. नवरीच्या डोळ्यांना नंबर नसतो, पण रिसेप्शनच्या फोटोंसाठी तिला राखाडी किंवा मधाळ रंगाच्या लेन्स हव्या असतात.

जिथे काम नीट चालते तिथे दोघांनाही एकच उत्तर मिळते : आधी डोळे तपासू, मग बोलू. बाकी ठिकाणी काउंटरवरचा माणूस चष्म्याचा नंबर विचारतो, फळीवरून खोके काढतो, सोबत सोल्यूशनची बाटली देतो आणि पैसे घेतो. नंबर नसेल तर ‘झिरो पॉवर’चे खोके मिळते. रंगीत लेन्स तर सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात, पार्लरमध्ये आणि मोबाइलवरही मिळतात, आणि तिथे अनेकदा डोळ्यांबद्दल एकही प्रश्न विचारला जात नाही. अशा विक्रीला आळा घालावा आणि लेन्स घेणाऱ्या प्रत्येकाला तपासणी, माप व सराव मिळेल अशी व्यवस्था करावी, ही विनंती करण्यासाठी हे जाहीर पत्र.

विनंती आपल्याकडेच करण्याचे कारण सरळ आहे. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्यातील ‘औषध’ या व्याख्येत आली. सप्टेंबर २०२२ मध्ये वैद्यकीय उपकरण नियमांत दुरुस्ती झाली आणि ती उपकरणे विकणाऱ्याने राज्याच्या परवाना प्राधिकरणाकडून नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे, अशी तरतूद आली. नजर सुधारण्यासाठी डोळ्यावर बसवायची लेन्स हे वैद्यकीय उपकरण आहे. तेव्हा लेन्सचे खोके ज्या काउंटरवरून गिऱ्हाइकाच्या हाती जाते, तो काउंटर आपल्या कक्षेत येतो.

शोभेच्या लेन्सबद्दल कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून अमेरिकेने २००५ मध्ये कायदाच बदलला आणि बिननंबरी, केवळ रंगाच्या लेन्सनाही वैद्यकीय उपकरण ठरवले. तिथे कोणतीही लेन्स चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे. यामागचे शास्त्र साधे आहे. बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. आपण जागे असताना त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून मिळतो. लेन्स नेमकी या वाटेत बसते, मग ती नंबरची असो की रंगाची.

ब्रायन होल्डन आणि जॉर्ज मर्ट्झ या संशोधकांनी १९८४ मध्ये लेन्समधून किमान किती प्राणवायू पार व्हायला हवा याचे आकडे मांडले. ‘डीके-टी’ या मापात दिवसा वापरायच्या लेन्ससाठी तो आकडा सुमारे २४ निघाला आणि लेन्स घालून झोपायचे असेल तर ८७. दोन आकड्यांतली ही तफावत पाहिली, की दुपारी लेन्ससह डुलकी काढू नका असे डॉक्टर का सांगतात ते कळते. प्राणवायू दीर्घकाळ अपुरा पडला, तर बुबुळाच्या कडेने नव्या रक्तवाहिन्या आत शिरू लागतात. १९९९ मध्ये बाजारात आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्सनी हा प्रश्न बराच सोडवला. पण काउंटरवर मिळालेली लेन्स कोणत्या पदार्थाची आहे, हे गिऱ्हाइकाला क्वचितच सांगितले जाते.

आता मापाबद्दल. चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर एकच, असा समज दुकानदारांतही आढळतो. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते आणि लेन्स थेट डोळ्यावर बसते. त्यामुळे चष्म्याचा नंबर उणे ६ असेल तर लेन्सचा उणे साडेपाचच्या आसपास येतो, आणि उणे १० असेल तर उणे ९ च्या जवळ. ४ नंबरच्या पुढे हा हिशेब धरावाच लागतो. तो न धरता चष्म्याचाच आकडा लेन्सवर दिला, की दूरचे लख्ख दिसते, पण पुस्तक वाचताना कपाळ दुखू लागते. मग घरचे लोक दोष अभ्यासाला देतात किंवा मोबाइलला.

आणि नंबर ही केवळ सुरुवात. खोक्याच्या कडेला ‘बीसी’ आणि ‘डीआयए’ असे आणखी दोन आकडे छापलेले असतात. पहिला लेन्सच्या आतल्या गोलाईचा, बहुधा ८.४ किंवा ८.६, आणि दुसरा तिच्या व्यासाचा, १४ मिलिमीटरच्या आसपास. प्रत्येकाच्या बुबुळाची गोलाई वेगळी असते. घट्ट बसलेली लेन्स पहिल्या तासात फार आरामशीर वाटते, कारण ती हलतच नाही. पण तिच्याखाली अश्रू खेळत नाहीत. संध्याकाळपर्यंत डोळे लाल होतात आणि लेन्स काढल्यावर पांढऱ्या भागावर तिच्या कडेचा वण दिसतो. ढिली लेन्स पापणी लवली की सरकते आणि नजर क्षणभर धूसर होते. म्हणजे दुकानात पाच मिनिटे घालून ‘छान वाटतेय’ म्हणणे ही परीक्षाच नव्हे. उलट जी लेन्स तेव्हा सर्वांत सुखाची वाटते, तीच कधी कधी नको असते.

खरी परीक्षा स्लिट लॅम्पखाली होते. ऑप्टोमेट्रिस्ट ट्रायल लेन्स घालून माणसाला पंधरा-वीस मिनिटे बसवतो, डोळ्यांतले पाणी निवळू देतो आणि मग पाहतो. पापणी मिटून उघडली की लेन्स मिलिमीटरच्या अंशाने खाली-वर झाली पाहिजे. खालच्या पापणीआडून बोटाने तिला हलकेच वर ढकलले, तर ती अलगद सरकून आपल्या जागी परत आली पाहिजे. सिलिंडर नंबर असेल तर टॉरिक लेन्सवरच्या बारीक खुणा कुठे स्थिरावतात, हेही पाहावे लागते. अशी लेन्स ठरलेल्या अक्षापासून १० अंश फिरली, तर सिलिंडरची जवळपास एक तृतीयांश दुरुस्ती वाया जाते. हे काम खोक्यावरचा मजकूर वाचून होत नाही.

तपासणी करणारा काही प्रश्नही विचारतो. दिवसभर एसीत, स्क्रीनसमोर बसणे आहे का? ॲलर्जीच्या गोळ्या चालू आहेत का? डोळे कोरडे पडतात का? काम सिमेंटच्या, पिठाच्या किंवा फवारणीच्या धुळीत आहे का? लेन्स रोज घालायची की फक्त मॅचच्या आणि समारंभाच्या दिवशी? अधूनमधून घालणाऱ्याला रोज नवी घालून रोज टाकून द्यायची लेन्स सर्वांत सुरक्षित, कारण तिला डबी लागत नाही आणि सोल्यूशनही लागत नाही. मासिक लेन्सचा महिना पाकीट फोडल्या दिवसापासून मोजायचा असतो, घातलेले दिवस जोडून तीस करायचे नसतात. अनेकांची गफलत होते ती इथेच. चाळिशी लागलेल्यांना मल्टिफोकल लेन्स देता येतात, पण त्या बसवायला आणखी वेळ आणि एखाद-दुसरी जास्तीची फेरी लागते.

काहींसाठी लेन्स ही हौस नसते. नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या पाहणीत, ३० वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक ग्रामस्थांपैकी २.३ टक्के लोकांमध्ये केराटोकोनस असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या विकारात बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते आणि पुढच्या टप्प्यात चष्म्याने नजर सुधारत नाही. अशा माणसाला प्राणवायू पार होऊ देणारी सेमी-सॉफ्ट किंवा मोठ्या व्यासाची स्क्लेरल लेन्स घालून वाचता येते, काम करता येते. नुसता चष्म्याचा आकडा विचारून साधी सॉफ्ट लेन्स देणाऱ्या काउंटरवर हा विकार ओळखला जाणार नाही. तो ओळखला जातो तपासणीच्या खुर्चीत.

एके काळी लेन्स इतक्या सहज विकलीच जात नव्हती. १९४८ मध्ये अमेरिकेत केविन टुओही यांनी बुबुळापुरती प्लास्टिकची कडक लेन्स बनवली. ती इतकी खुपायची, की माप घेतल्याशिवाय कुणी ती घालून बसू शकत नसे. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलाच्या मेर्कुर या खेळण्याच्या सुट्या भागांपासून यंत्र जोडून मऊ जेलच्या लेन्स ओतून काढल्या. संस्थेतले त्यांचे काम सरकारने थांबवले होते, म्हणून हा खटाटोप घरी झाला. १९७१ मध्ये अमेरिकेत सॉफ्ट लेन्सला मान्यता मिळाली आणि लाखो लोकांना लेन्स सुसह्य झाली. पण खुपणे कमी झाले तसा गिऱ्हाइकाचा आणि विक्रेत्याचा सावधपणाही कमी झाला. चुकीच्या मापाची सॉफ्ट लेन्स लगेच तक्रार करत नाही, आणि त्यातच तिचा धोका आहे.

माप बरोबर निघाले तरी काम अर्धेच झालेले असते. पहिल्यांदा लेन्स घालणाऱ्याचा हात डोळ्याजवळ गेला, की पापणी आपोआप मिटते. ते शरीराचे संरक्षण आहे, भित्रेपणा नव्हे. चांगले शिकवणारा माणूस घाई करत नाही. नखे कापलेली आहेत ना, हे तो आधी पाहतो. साबणाने हात धुऊन, धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करायला लावतो, कारण ओल्या बोटाला लेन्स चिकटून राहते. मग लेन्स तर्जनीच्या टोकावर ठेवून प्रकाशात धरायला सांगतो. कडा वाटीसारखी सरळ उभी असेल तर लेन्स सुलट, बाहेर फाकलेली असेल तर उलट. सुरुवात नेहमी उजव्या डोळ्याने करायची, म्हणजे अदलाबदल होत नाही. मधल्या बोटाने खालची पापणी ओढायची, दुसऱ्या हाताने वरची पापणी पापण्यांच्या केसांपाशी धरायची, नजर वर ठेवायची आणि लेन्स पांढऱ्या भागावर टेकवायची. मग हळूच खाली पाहिले, की ती आपली आपण मध्यावर येते.

काढणे याहून अवघड वाटते. वर पाहून लेन्स खाली पांढऱ्या भागावर ओढायची आणि अंगठा-तर्जनीच्या मऊ पेरांनी हलकेच चिमटीत धरायची. ‘लेन्स डोळ्याच्या मागे गेली तर?’ ही भीती जवळपास प्रत्येकाला वाटते. तसे होऊ शकत नाही, कारण पापणीच्या आतला पातळ पडदा मागे वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागालाच जोडलेला असतो. लेन्स वरच्या पापणीखाली मात्र अडकू शकते. हे वेळीच सांगितले, तर रात्री अकरा वाजता घाबरून डोळा चोळत बसण्याची पाळी येत नाही. गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने लेन्स घालून आणि काढून दाखवल्याशिवाय खोके घरी देऊ नये, ही शिस्त काही दुकाने आजही पाळतात.

पुढचे पंधरा दिवस सवयीचे. पहिल्या दिवशी तीन-चार तास, मग रोज तास-दोन तासांनी वाढवत दहा-बारा तासांपर्यंत. सुरुवातीला किंचित जाणवणे, थोडे पाणी येणे स्वाभाविक आहे. दुखणे, लाली, उजेड सहन न होणे, नजर अंधूक होणे हे स्वाभाविक नाही. अशा वेळी लेन्स तत्काळ काढायची आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचा. काजळ आणि मेकअप लेन्स घातल्यानंतर करायचा, आणि उतरवायच्या आधी लेन्स काढायची. बॅगेत चष्मा असायलाच हवा. लेन्स आल्यावर चष्मा मोडीत काढणाऱ्याला डोळे लाल झाले, तरी लेन्सच घालावी लागते.

सर्वांत जास्त बजावून सांगायची गोष्ट म्हणजे पाणी. आपल्याकडे नळ, टँकर, बोअरवेल, गच्चीवरची टाकी अशा अनेक वाटांनी पाणी घरात येते. पिण्याचे म्हणून शुद्ध असलेले पाणीसुद्धा लेन्ससाठी चालत नाही. त्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सला चिकटून बुबुळात शिरला, तर असह्य वेदना होतात, उपचार महिनोन्महिने चालतात आणि नजर जाऊ शकते. म्हणून लेन्स किंवा तिची डबी कधीही पाण्याने धुवायची नसते आणि अंघोळीआधी, पोहण्याआधी लेन्स काढायची असते. सोल्यूशन रोज नवे ओतायचे, कालच्यात भर घालायची नाही. लेन्स तळहातावर चोळून धुवायची आणि डबी तीन महिन्यांनी बदलायची. थुंकीने लेन्स ओली करण्याचा प्रकार तर पूर्णपणे बंद व्हायला हवा.

कुणी म्हणेल, शिकलेल्या लोकांना हे कळतेच. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तिथल्या सुमारे ९९ टक्के लेन्सधारकांनी संसर्गाचा धोका वाढवणारी किमान एक तरी सवय कबूल केली होती. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सोलिहलच्या रुग्णालयातली एक नोंद आली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ६७ वर्षांच्या महिलेच्या एका डोळ्यात आधी १७ लेन्सचा एकत्र गोळा सापडला आणि मग आणखी १० लेन्स. ती ३५ वर्षे मासिक लेन्स वापरत होती आणि नियमित तपासणीला जात नव्हती. डोळ्यांतला त्रास वयाचा आणि कोरडेपणाचा असेल, असे तिला वाटत होते.

आपल्याकडचे प्रसंगही वेगळे नाहीत. २०२४ च्या जुलैत दिल्लीतल्या एका कार्यक्रमात लेन्स घातल्यावर एका टीव्ही अभिनेत्रीच्या बुबुळाला इजा झाली आणि तिने ते स्वतः जाहीर केले. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत डोळे येण्याची मोठी साथ आली आणि तेव्हा राज्यात इतरत्रही डोळे आले. अशा वेळी लेन्स बंद ठेवायची, वापरातली लेन्स व डबी फेकून द्यायची, ही सूचना प्रत्येक लेन्सधारकापर्यंत जायला हवी. रंगपंचमीला आणि विसर्जनाच्या गुलालातही लेन्स नको, कारण सॉफ्ट लेन्स रंग शोषते आणि डोळ्यालाच धरून ठेवते.

या सगळ्यातून आपल्याकडे चार मागण्या आहेत.

पहिली, नोंदणी नसलेल्या जागी, विशेषतः पार्लर, सौंदर्यप्रसाधनांची दुकाने आणि ऑनलाइन विक्रेते यांच्याकडे विकल्या जाणाऱ्या लेन्सची तपासणी करावी आणि रंगीत लेन्सनाही तेच नियम लावावेत. एकच रंगीत लेन्स अनेक नववधूंच्या डोळ्यांवर वापरणे हा लोकांच्या आरोग्याशी खेळ आहे.

दुसरी, लेन्सची स्वतंत्र चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात मिळावी. तीवर लेन्सचे नाव, नंबर, गोलाई, व्यास, बदलण्याची मुदत आणि पुढच्या तपासणीची तारीख असावी, आणि बिलावर बॅच क्रमांक असावा. अमेरिकेत २००४ पासून ही चिठ्ठी न मागता देणे बंधनकारक आहे. बॅच क्रमांकाचेही महत्त्व आहे. २००६ मध्ये फ्युजेरियम बुरशीने लेन्सधारकांच्या बुबुळांना संसर्ग झाल्याचे अनेक देशांत आढळले, तेव्हा रुग्ण कोणते सोल्यूशन वापरत होते याच्या नोंदी जुळवून तपास झाला आणि बॉश अँड लॉम्ब कंपनीने रेन्यू मॉइश्चरलॉक हे सोल्यूशन जगभरातून परत घेतले. नोंदच नसेल, तर परत काय घेणार?

तिसरी, प्रत्येक खोक्यासोबत ठळक मराठीत एक पानी सूचना द्यावी. आतली बारीक अक्षरातली इंग्रजी घडी पत्रिका कुणी उघडत नाही. पाणी नको, झोप नको, दुखले तर काढा, एवढे तरी मोठ्या अक्षरात आणि चित्रांसह असावे.

चौथी, लेन्स पहिल्यांदा घेणाऱ्याला दुकानातच सराव आणि आठवड्याभरात फेरतपासणी मिळावी. ऑप्टोमेट्रिस्ट आता २०२१ च्या राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात अंतर्भूत आहेत. त्यांना आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांना सोबत घेऊन आपण आदर्श कार्यपद्धती ठरवू शकता. जे आपल्या अधिकारात नसेल, त्याची शिफारस आरोग्य विभागाकडे करू शकता.

लेन्समुळे मैदानावर चष्मा फुटण्याची भीती जाते, जाड भिंगाआडचे डोळे मोकळे होतात, केराटोकोनसच्या रुग्णाला पुन्हा अक्षर दिसू लागते. हे फायदे खरे आहेत आणि म्हणूनच लेन्सपासून कुणी दूर राहावे असे या पत्राचे म्हणणे नाही. ती नीट मापून, नीट शिकवून मिळावी, एवढेच मागणे आहे. येत्या लग्नसराईपूर्वी पार्लर आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांपासून तपासणी मोहीम सुरू करावी आणि मराठी सूचनापत्रकाचा आदेश त्याच वेळी काढावा, ही आग्रहाची विनंती.

कळावे.

आपली विश्वासू,
लेन्स वापरणारी एक नागरिक